पायी सफारी (आफ्रिका)

पायी सफारी म्हणजे प्रशिक्षित वाटाड्याच्या सोबतीने आफ्रिकेतील झुडपी रानातून व गवताळ प्रदेशातून चालत केलेले वन्यजीव निरीक्षण होय. माणसाचा वास किंवा चाहूल लागताच बहुतेक प्राणी दूर जात असल्याने वाहनातून केलेल्या सफारीच्या तुलनेत यात मोठे प्राणी कमी दिसतात. त्यामुळे पाऊलठसे, विष्ठा व आवाज यांवरून प्राण्यांचा माग काढणे हा या भ्रमंतीचा गाभा आहे. चालणाऱ्यांची सुरक्षितताही त्यावरच अवलंबून असते.

इतिहास

माग काढण्याची कला आफ्रिकेतील शिकारी समाजांत प्राचीन काळापासून चालत आली असून कालाहारीतील सान लोक तीसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. पर्यटनाचा प्रकार म्हणून पायी सफारी रुजवण्याचे श्रेय झांबियातील लुआंग्वा खोऱ्यात काम केलेल्या नॉर्मन कार (१९१२–१९९७) यांना दिले जाते. दक्षिण आफ्रिकेत इयान प्लेयर यांनी १९५९ मध्ये इम्फोलोझी येथे अशी पदभ्रमंती सुरू केली. क्रूगर राष्ट्रीय उद्यानातील पहिली पायवाट १९७८ मध्ये खुली झाली.

पाऊलठसे

हत्तीच्या पुढच्या पायाचा ठसा गोलसर, तर मागच्या पायाचा लांबट असतो. पुढच्या ठशाच्या परिघाची दुप्पट केल्यास हत्तीची खांद्यापर्यंतची उंची अंदाजे कळते. गेंड्याच्या ठशात तीन, तर पाणघोड्याच्या ठशात चार बोटे उमटतात. सिंह व बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतात. तरस, रानकुत्रा व चित्ता यांच्या नख्या मात्र ठशात दिसतात. ठशाच्या कडा रेखीव असल्यास तो ताजा मानतात. त्यावर कीटकांच्या चालण्याच्या रेषा असल्यास तो जुना ठरतो.

विष्ठा व इतर खुणा

पांढरा गेंडा गवत खातो, तर काळा गेंडा झुडपे खातो. त्यामुळे काळ्या गेंड्याच्या शेणात तिरप्या कापलेल्या काटक्या आढळतात. तरस हाडे पचवत असल्याने त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. सोललेली साल व मोडलेल्या फांद्या हत्तीचा वावर दाखवतात, तर झाडाच्या बुंध्यावर घासलेल्या चिखलाच्या उंचीवरून प्राण्याच्या आकाराचा अंदाज येतो.

सुरक्षितता

गट वाटाड्याच्या मागे एका रांगेत व शांतपणे चालतो. वाटाड्या बहुधा सशस्त्र असतो. तरी शस्त्र वापरण्याची वेळ येऊ न देणे हेच त्याचे कौशल्य मानले जाते. तो धूळ किंवा राख उडवून वाऱ्याची दिशा पाहतो. दाट झुडपांजवळ रानम्हशीचे ओले शेण दिसल्यास वाट बदलली जाते. गोचीड खाणारे ऑक्सपेकर पक्षी झुडपातून ओरडत उडाल्यास जवळच रानम्हैस किंवा गेंडा असण्याची शक्यता असते. पाणघोडा रात्री चरून पहाटे पाण्याकडे परततो. म्हणून त्याच्या रुळलेल्या वाटेवर, पाणी व प्राणी यांच्यामध्ये येणे कटाक्षाने टाळले जाते. सिंहाशी अचानक गाठ पडल्यास पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही त्याची सहजप्रवृत्ती आहे.