कावळ्याच्या गाण्यामागचा माणूस

गोशो आओयामा यांची ‘डिटेक्टिव्ह कोनान’ ही मंगा १९९४ मध्ये जपानच्या ‘शोनेन संडे’ साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यातल्या काळ्या कपड्यांतल्या टोळीचा म्होरक्या कोण, यावर वाचक तेव्हापासून डोकं खाजवत बसले. सर्वांत गाजलेला संशय होता नायकाच्या शेजारच्या प्रेमळ प्राध्यापक आगासांवर. आओयामांनी तो स्वतः खोडून काढला, तरी शंकेखोर मागे हटले नाहीत.

लेखकाने मात्र खेळ प्रामाणिकपणे मांडला होता. म्होरक्याचं नाव कथेत आधीच येऊन गेल्याचं त्यांनी सांगून टाकलं, त्यामुळे वाचक जुने खंड पुन्हा पालथे घालू लागले. म्होरक्याला मेल पाठवताना मोबाइलची बटणं दाबली, की कावळ्यावरच्या एका जपानी बालगीताची चाल उमटायची. तिसाव्या खंडातल्या एका वाड्याचा धनी होता रेन्या कारासुमा: गर्भश्रीमंत, कावळा हे ज्याचं चिन्ह, आणि कित्येक दशकांपूर्वी मेलेला. मेलेल्यावर संशय घ्यायला धाडस लागतं. काही वाचकांनी ते दाखवलं.

डिसेंबर २०१७ मध्ये उलगडा झाला. एका खून झालेल्या शोगीपटूने हातआरशावरच्या ‘पुट ऑन मस्करा’ या इंग्रजी अक्षरांतून खूण मागे ठेवली होती. ‘यू मस्करा’ एवढीच आठ अक्षरं घेऊन ती फिरवली, की कारासुमा! चोख बांधणी म्हणतात ती हीच.

मग टोळीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ‘रम’चा शोध रंगला. संशयित तिघे, तिघांच्याही एका डोळ्यात काहीतरी खोट. २०२१ मध्ये तो निघाला गुप्तहेर मोरींच्या कचेरीशेजारचा सुशीवाला, वाकिता.