चांदवड : सातमाळ्यांतील एका घाटवाटेचा इतिहास

१. चांदवडचें नांव निघालें कीं इतिहासाच्या अभ्यासकापुढें प्रथम किल्ला उभा राहतो, आणि नाण्यांच्या संग्राहकाला चांदवडी रुपया आठवतो. हे दोन्ही ज्या वाटेमुळें महत्त्वास चढले तिच्याकडे मात्र आमचें लक्ष कमी गेलें आहे. नाशिकच्या ईशान्येस सुमारें ६५ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, हें तालुक्याचें गांव वसलें आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतून येणारा रस्ता येथें डोंगराला भिडतो व राहूड घाटानें पलीकडे उतरून मालेगांवाकडे जातो. या एका गोष्टीवरून चांदवडची राज्यव्यवस्था, व्यापार व लोकजीवन यांचा बराचसा उलगडा होतो, असें आमचें मत आहे. तें प्रस्तुत लेखांत मांडतों.

२. सातमाळ्याची रांग पश्चिमेस अचल्यापासून पूर्वेस अंकाई-टंकाईपर्यंत जाते. अहिवंत, मार्कंडा, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई व चांदवड हे किल्ले याच ओळींत येतात. काळ्या बसाल्टाच्या थरांनीं बनलेले हे डोंगर माथ्यास सपाट असून त्यांच्या अंगास उभे कडे तुटलेले आहेत. त्यामुळें थोडक्या बांधकामानेंहि गड दुर्गम झाले. रांगेच्या उत्तर अंगाचें बहुतेक पाणी गिरणेवाटे तापीस मिळून पश्चिमसमुद्रास जातें. दक्षिण अंगाचें गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जातें. पाण्याप्रमाणें माणसांनाहि ही रांग दुभागते. बैलांचा तांडा असो कीं फौजेचें सामान असो, तें खिंडीनेंच पार करावें लागे. खिंड ज्याच्या हातीं, जकात त्याची आणि चौकीहि त्याची, असा हा हिशेब होता.

३. या वाटेचें प्राचीनत्व मोठें आहे. सेउणचंद्र दुसरा याच्या शके ९९१ च्या वसई ताम्रपटांत यादवकुलाचा मूळपुरुष दृढप्रहार याचा संबंध चंद्रादित्यपुराशीं जोडिला आहे, आणि हें चंद्रादित्यपूर म्हणजेच चांदवड असें विद्वानांनीं मानिलें आहे. हेमाद्रीच्या राजप्रशस्तींत श्रीनगर असें वेगळें नांव येतें, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. चांदवडच्या डोंगरांत तीर्थंकरांच्या मूर्ती असलेलें जैन लेणें आहे, व रांगेच्या पूर्व टोंकास अंकाई येथें जैन लेण्यांचा समूहच आहे. अशीं लेणीं खोदविण्यास द्रव्य लागतें, आणि तें पुरविणारा व्यापारीवर्ग वाहत्या रस्त्याच्या आश्रयानें राहतो. या लेण्यांना आम्ही व्यापारी वाटेचा पुरावा मानतों तो एवढ्याचसाठीं.

४. शहाजहानच्या दक्षिणमोहिमेंत, इ. स. १६३६ च्या सुमारास, अल्लावर्दीखानानें या रांगेंतील किल्ले घेतले. इंद्राईच्या वाटेवर कातळांत कोरलेला फारसी लेख या विजयाचा असून त्यांत जिंकलेल्या गडांचीं नांवें आहेत. एका गडावरील लेखांत शेजारच्या गडांची यादी यावी, यावरून हे किल्ले सुटेसुटे नसून एकाच साखळीचे दुवे समजले जात, हें उघड होतें. एक गड घेऊन वाट हातीं येत नसे.

इ. स. १६७० च्या ऑक्टोबरांत सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजीमहाराज बागलाणांतून परतत असतां हीच गोष्ट पुन्हां प्रत्ययास आली. मोंगल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडास पोहोंचला तों मराठे कांचनेच्या घाटानें डोंगर उतरत असल्याचें त्याला हेरांकडून कळलें. रातोरात कूच करून त्यानें त्यांस गांठलें. दिंडोरीच्या बाजूस झालेल्या या मोकळ्या मैदानांतील लढाईंत मोंगलांच्या आघाडीचा इखलासखान मियाना जखमी होऊन पडला, आणि लूट सुखरूप पुढें गेली. मोंगल फौजेबरोबर असलेल्या भीमसेन सक्सेना यानें आपल्या ‘तारीखे दिलकुशा’ या ग्रंथांत हा प्रसंग लिहून ठेविला आहे. चांदवडची खिंड शत्रूच्या हातीं असली तरी रांगेंत दुसरी खिंड असते, हें जाणणाऱ्याचा तो विजय होता.

५. अठराव्या शतकांत चांदवड होळकरांकडे आलें. इंदूर-महेश्वराहून पुण्याच्या दरबारीं यावयाचें तर सेंधवा, धुळें, मालेगांव व चांदवड हा सरळ मार्ग. तेव्हां माळव्यांतील या सरदारांस दक्षिणेंतील हें ठाणें किती मोलाचें होतें हें सांगावयास नको. रंगमहाल नांवाचा होळकरवाडा, त्यांतील कोरीव लांकूडकाम व भिंतींवरील चित्रें ही त्या काळाची खूण आहे. डोंगराच्या पोटांतील रेणुकादेवीच्या स्थानाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनीं केला.

चांदवडची टांकसाळ हा या काळाचा सर्वांत बोलका अवशेष होय. तिच्या रुपयावर दिल्लीपति शहाआलमाचें नांव व ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा टांकसाळीचा निर्देश फारसी अक्षरांत असे. सत्ता होळकरांची, नांव बादशहाचें आणि उपयोग नाशिक-खानदेशच्या सावकाराचा, असा तिन्हींचा मेळ एका नाण्यांत पडला होता. त्या काळीं बाजारांत अनेक टांकसाळींचे रुपये चालत व सराफ प्रत्येकाचा बट्टा ठरवीत. म्हणून जुन्या खतांत नुसते ‘रुपये’ न लिहितां ‘चांदवडी’ असें स्पष्ट लिहीत. जेथवर तो शब्द सांपडेल तेथवर या घाटवाटेच्या व्यापाराची पोंच होती, असें खुशाल समजावें.

६. कर्नल वॉलेस यानें इ. स. १८०४ च्या ऑक्टोबरांत चांदवड घेतलें. पुढील वर्षाच्या तहानंतर तें होळकरांस परत मिळालें. महिदपूरच्या पराभवानंतर, जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें, सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षीं एप्रिलांत मॅकडॉवेल यानें राजधेरवर तोफांचा मारा केला. गडावरील घरांस आग लागली आणि शिबंदीनें गड सोडला. पण चांदवडचा खरा ऱ्हास तोफेनें झाला नाहीं. इ. स. १८३५ त कंपनीनें सर्वत्र एका छापाचा रुपया चालू केला व स्थानिक नाण्यांचे दिवस भरले. पुढें इ. स. १८६० नंतरच्या दशकांत लोहमार्ग झाला तो लासलगांव-मनमाडावरून गेला, चांदवडास वगळून. घाटाच्या तोंडाशीं असण्याचा जो लाभ शतकानुशतकें मिळाला होता, तो रुळांनीं कांहीं वर्षांत नेला.

७. यानंतर गांव जगलें तें शेतीवर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा तालुका अवर्षणाचा. विहिरीच्या पाण्यावर कांदा आणि वडनेर-भैरवाकडे द्राक्षें, हीं त्याचीं नगदी पिकें. पूर्वीं सराफाच्या बट्ट्याकडे डोळे लागत, आतां कांद्याच्या लिलावाकडे लागतात. नवरात्रांत रेणुकेच्या दर्शनास भोंवतालचा मुलूख लोटतो. इ. स. १९२८ त स्थापन झालेल्या श्रीनेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमानें डोंगरांतील जुन्या जैन लेण्याशीं विद्येच्या रूपानें नवें नातें जोडिलें आहे.

या वाटेनें आलेला सर्वांत मोठा समुदाय मात्र फौजेचा नव्हता. इ. स. १९८६ च्या नोव्हेंबरच्या ९ व १० तारखांस शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन येथें भरलें व लाखांच्या संख्येनें शेतकरी स्त्रिया जमल्या. पुढें याच चळवळींतून ‘लक्ष्मीमुक्ति’चा कार्यक्रम निघाला, आणि अनेक गांवांत शेतकऱ्यांनीं जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करून दिला. वतनाच्या जुन्या कागदांत स्त्रीचें नांव किती क्वचित् येतें, हें ज्यांनीं दप्तरें चाळलीं आहेत त्यांस ठाऊक आहे. बहुधा नवरा वारला, मुलगा अज्ञान आहे, अशाच प्रसंगीं तें येतें. अहिल्याबाईंच्या नांवें ओळखल्या जाणाऱ्या या गांवीं सामान्य कुणबिणीचें नांव सातबाऱ्यावर चढविण्याच्या विचारास बळ मिळालें, ही गोष्ट इंद्राईच्या शिलालेखाइतकीच इतिहासाच्या कक्षेंतील आहे.

८. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. ‘चांदवडी’ रुपयाचा उल्लेख असलेलें खत मिळाल्यास त्याची तारीख, गांव व बट्टा टिपून ठेवावा. नुसत्या नाण्यापेक्षां त्याची किंमत अधिक आहे. देवस्थानांच्या पुजारी घराण्यांतील व जुन्या पेढ्यांतील वह्या वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं त्यांच्या नकला व्हाव्या. त्याच आस्थेनें १९८६ च्या अधिवेशनाचीं हस्तपत्रकें, ठरावांचे कागद आणि लक्ष्मीमुक्तीच्या फेरफारांचे उतारेहि जपावे. त्या स्त्रियांपैकीं पुष्कळजणी आतां वृद्ध झाल्या आहेत. कित्येक घरांत ते कागद आज ट्रंकेच्या तळाशीं असतील, उद्यां चुलींत जातील. मोडीचे रुमाल असेच गेले, हें आम्हीं पाहिलें आहे. जें हातीं आहे तें तरी राखावें.