सूर जुळवणारी नळी : मोमिनाबादच्या छावणीपासून लग्नाच्या बँडपर्यंत

फुंकून वाजवायच्या धातूच्या वाद्याचा सूर त्याच्या नळीच्या लांबीवर ठरतो, आणि ही लांबी वादकाला स्वतः कमीजास्त करता येते की नाही, या एका प्रश्नाच्या आधारे बीड जिल्ह्यातील अशा वाद्यांचा इतिहास मांडता येतो. तुतारी आणि शिंग ही या प्रदेशाची जुनी वाद्ये तांब्याच्या किंवा पितळेच्या वक्र नळ्या एकमेकींत बसवून तयार होतात, त्यांतून निसर्गतः मिळणारे मोजकेच स्वर निघतात, आणि नळ्यांचा सांधा हा केवळ सांधा असतो, सूर लावण्याची जागा नव्हे. पालखीपुढे किंवा वरातीत हलगी-संबळाच्या संगतीने घोष करणे हे तुतारीचे काम असल्यामुळे तिची लांबी एकदा ठरली की कायमची ठरते, आणि त्यात त्या वाद्याचे कोणतेही न्यून नाही.

युरोपीय ट्रम्पेट या जिल्ह्यात प्रथम छावणीच्या वाटेने आले असावे. निजामी अमलात अंबाजोगाई मोमिनाबाद या नावाने ओळखली जाई आणि तेथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. याच फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1903 मध्ये ही फौज भारतीय लष्करात विलीन झाली. इंग्रजी लष्करी परंपरेत पायदळाचे इशारे बिगुलावर आणि घोडदळाचे प्रामुख्याने ट्रम्पेटवर दिले जात. रिसाल्याच्या त्या ट्रम्पेटला कळा नसत. इशारा ओळखू आला की त्याचे काम संपे, त्यामुळे स्वरांच्या बाबतीत ते तुतारीच्याच कुळातले होते.

अनेक वाद्यांनी एकत्र वाजायचे ठरवले, तेव्हा मात्र लांबीचा प्रश्न टाळता येईना. 1810 च्या दशकात जर्मनीत श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हची, म्हणजे हवेचा मार्ग बदलणाऱ्या कळेची, योजना केली आणि 1838-39 मध्ये पॅरिसच्या पेरिनेने तिला आज परिचित असलेल्या पिस्टनचे रूप दिले, तेव्हा ट्रम्पेटवर सर्व स्वर निघू लागले आणि ते बँडमध्ये चाल वाजवण्यास योग्य ठरले. अशा ट्रम्पेटमध्ये ओठांशी धरायचा माउथपीस ज्या सरळ नळीत बसतो तिला लीडपाइप म्हणतात, आणि तिच्या पुढे इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली जी नळी आतबाहेर सरकते ती ट्यूनिंग स्लाइड होय. बी-फ्लॅट ट्रम्पेटची एकूण नळी सुमारे 148 सेंटिमीटर असते, आणि स्लाइडला दोन भुजा असल्यामुळे ती एक सेंटिमीटर बाहेर ओढली की हवेचा मार्ग दोन सेंटिमीटरने लांबतो व सूर उतरतो.

इंग्रजी लष्करी बँड 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या पट्टीत वाजत. त्यांच्या ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 452 होती, तर 1939 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर 440 हे प्रमाण मान्य झाले. चढ्या पट्टीचे ट्रम्पेट नव्या पट्टीत आणायचे तर नळी सुमारे चार सेंटिमीटरने लांबवावी लागते, म्हणजे स्लाइड दोन सेंटिमीटर बाहेर काढावी लागते आणि पिस्टनच्या छोट्या स्लाइडही त्या प्रमाणात ओढाव्या लागतात. अशा जुन्या वाद्यावर नव्या वाद्याची नळी बसवणारा कारागीर नकळत दोन पट्ट्यांचा संकर करत असतो, आणि बसलेली नळी दिसायला कितीही नेटकी असली तरी बँड बेसूर होतो.

लग्नाच्या बँडांची वाद्ये मुख्यतः मीरतहून आली. लष्करी बँडशी संबंध असलेल्या नादिर अली यांनी 1885 मध्ये तेथे आपली कंपनी स्थापन केली, आणि मीरतचा जली कोठी हा भाग पुढे या उद्योगाचे केंद्र झाला. युरोपीय नमुन्यांवरून तेथे वाद्ये घडवली गेली, पण त्यांत हातकामाचा वाटा मोठा असल्यामुळे एका ट्रम्पेटची नळी दुसऱ्याला बिनचूक बसेलच अशी खात्री नसे. उलट 1924 पासून ट्रम्पेट बनवू लागलेल्या अमेरिकेतील व्हिन्सेंट बाख यांच्या कारखान्यात लीडपाइपच्या प्रकारांना क्रमांक असत, आणि त्यातला 25 क्रमांक आजही प्रसिद्ध आहे. क्रमांक असला की बदली नळी मागवता येते. तो नसला की मोजमाप करावे लागते, आणि हे मोजमाप वाटते तितके सोपे नाही. लीडपाइप आतून निमुळती असते : माउथपीसच्या बाजूला सुमारे पावणेनऊ मिलिमीटर व्यासापासून ती रुंदावत जाऊन प्रचलित मापाच्या ट्रम्पेटमध्ये 11.66 मिलिमीटरपर्यंत पोहोचते. हा उतार बदलला की काही स्वर चढतात, काही उतरतात, आणि हा दोष स्लाइड ओढून जात नाही, कारण स्लाइड सर्व स्वरांना एकाच दिशेने हलवते. स्लाइडच्या दोन्ही भुजा अगदी समांतर असाव्या लागतात. आतली आणि बाहेरची नळी यांत मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच मोकळीक चालते, त्याहून कमी असेल तर स्लाइड अडकते आणि जास्त असेल तर हवा गळते. झाळकाम करताना भुजा किंचित फाकली तरी सगळी मेहनत वाया जाते.

लीडपाइप बदलण्याची वेळ बहुधा गंजामुळे येते. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असून लाळ व श्वासातील ओलावा यांमुळे त्यातले जस्त हळूहळू निघून जाते, तांबूस ठिपके पडतात आणि नळी आतून सच्छिद्र होते. बाहेरून घासूनपुसून लखलखीत ठेवलेल्या वाद्यातही हा ऱ्हास चालू असतो.

बीडमध्ये यात हवामानाची भर पडते. ऊसतोडीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी परततात, त्यामुळे गावोगावची अनेक लग्ने चैत्र-वैशाखात येतात, आणि तेव्हा पारा चाळीस अंशांवर असतो. हवेत ध्वनीचा वेग 20 अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर, तर 40 अंशांना 355 मीटर असतो. परिणामी फुंकवाद्यांचा सूर चढतो, पण सोबतच्या इलेक्ट्रॉनिक की-बोर्डचा सूर जागचा हलत नाही. म्हणूनच सहज सरकणारी, पुरेशी लांब स्लाइड ही येथील वादकाची खरी गरज आहे.

मराठवाड्यात लग्नाच्या बँडचा व्यवसाय हलगी-सनईची परंपरा सांभाळणाऱ्या समाजांनी, विशेषतः मातंग समाजाने, पेलला. कारखान्यापासून इतक्या दूर, अपुऱ्या साधनांनी, या वादकांनी परकी वाद्ये सुरात ठेवली, आणि या कौशल्याला संगीताच्या इतिहासात मिळालेली जागा फारच अपुरी आहे. डीजेच्या भिंतींपुढे बँड मागे पडत असताना जुनी ट्रम्पेटे मोडीत पितळेच्या भावाने जातात, आणि त्यांच्यासोबत दुरुस्तीच्या खुणाही वितळतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि संगीत विभागांनी बँडमास्तरांकडे जाऊन प्रत्येक जुन्या वाद्यावरचा कारखान्याचा शिक्का, लीडपाइपचा व्यास, स्लाइडची लांबी आणि बदललेल्या नळ्यांच्या जागा टिपून ठेवाव्यात; हे काम आता लांबणीवर टाकू नये.