सोलापुरी चादरीची कार्डे आणि कर्नलच्या हेडर फाइली

सोलापुरी चादरीवरची नक्षी विणतानाच कापडात उतरते आणि ती उतरवण्याचे काम मागाच्या डोक्यावर बसवलेले जेकार्ड करते. लियाँच्या जोसेफ मारी जेकार्डने 1804 मध्ये सिद्ध केलेली ही योजना आहे. पुठ्ठ्याच्या लांबट कार्डावर छिद्रे पाडलेली असतात आणि ते सुयांच्या रांगांवर दाबले जाते. छिद्र असेल तिथली सुई आत जाते, तिचा हुक सरळ उभा राहतो, वर जाणाऱ्या पात्यात अडकतो आणि ताण्यातले आपल्या वाट्याचे धागे उचलतो. छिद्र नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते, हुक पात्यातून निसटतो, धागे खालीच राहतात. धोटा बाण्याचा एक धागा टाकून गेला की पुढचे कार्ड येते. नक्षीत बाण्याचे तीनशे धागे असतील तर कार्डेही तीनशे लागतात, दोरीने ओवून एकमेकांना जोडलेली.

सोलापुरात या यंत्राला माणसे आयती मिळाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात हातमाग मांडले होते. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीमागोमाग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांतून यंत्र हाताळणारा कामगार घडला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत यंत्रमाग वाढले आणि जेकार्ड बसवलेल्या मागावरची जाड सुती चादर शहराची ओळख बनली. 2005-06 मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याने नाव सोलापूरचे झाले. कार्डांची माळ मात्र कायम एका ठरावीक मापाच्या यंत्राचीच राहिली.

ते कसे, हे कार्ड तयार होताना पाहिले की कळते. आधी नक्षी ग्राफ कागदावर काढली जाते. उभा रकाना म्हणजे एक हुक, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा, रंगवलेला चौकोन म्हणजे ‘इथे उचल’. मग कारागीर एकेक आडवी ओळ वाचत ‘पियानो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राच्या कळा बोटांनी दाबतो, पायाने दाब देतो आणि कार्डात छिद्रे पडतात. याच क्षणी यंत्राची सगळी मापे कार्डात मुरतात आणि छिद्रांकडे पाहून ती पुरती ओळखता येत नाहीत.

समजा, जेकार्ड 400 हुकांचे आहे आणि ताण्यात इंचाला 40 धागे आहेत. मोराची नक्षी 10 इंच रुंद होईल आणि 60 इंच पन्ह्यात सहा वेळा येईल. तीच माळ इंचाला 50 धागे असलेल्या मागावर चढवली तर मोर 8 इंचांत आवळला जातो. हुकांपासून धाग्यांपर्यंतच्या दोऱ्या सरळ क्रमाने न बांधता मध्यावर उलटवल्या असतील तर एका मोराचे समोरासमोर दोन मोर होतात. सुयांमधले अंतर निराळे असेल तर कार्डे बसतच नाहीत, सुया कोऱ्या पुठ्ठ्यावर आपटतात. दमट हवेत पुठ्ठा फुगला तरी छिद्रे सुयांसमोरून सरकतात. यांतला शेवटून दुसरा प्रकार खरे तर सुखाचा, कारण घोटाळा तिथल्या तिथे उघड होतो. आवळलेला मोर विणताना माग एकदाही कुरकुरत नाही, म्हणून तो दोष जास्त महागात पडतो.

मापांचा हा बेबनाव सोलापूरने निर्माण केलेला नव्हे. युरोपातच जेकार्डच्या वेगवेगळ्या जाती झाल्या होत्या. विन्सेंझी यंत्रात सुया अधिक दाट बसवल्या गेल्या, तर लियाँच्या वर्डोल यंत्राने सुट्या पुठ्ठ्यांऐवजी अखंड कागदाची पट्टी आणली. एकाची कार्डे दुसऱ्याला चालत नसत.

कार्डांबरोबर ही अडचणही संगणकाच्या घरात आली. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी जेकार्डचीच कार्डे योजली होती. हर्मन होलेरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेत छिद्रांच्या कार्डांवर मोजणी केली. पुढे आयबीएमचे कार्ड 80 स्तंभांचे आणि आयताकृती छिद्रांचे झाले, तर रेमिंग्टन रँडचे 90 स्तंभांचे आणि गोल छिद्रांचे. ज्या कचेरीने एकाची यंत्रे घेतली, तिचे सारे दप्तर त्याच यंत्रांना बांधले गेले. 1964 मध्ये आयबीएमने सिस्टम/360 ही लहानमोठ्या संगणकांची मालिका जाहीर केली. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मालिकेतल्या दुसऱ्यावर चालावा, हे तिचे मुख्य आश्वासन होते.

आजच्या संगणकात मागाची जागा कर्नलने घेतली आहे. स्मृती, डिस्क, नेटवर्क यांचा कारभार कार्यप्रणालीचा हा गाभा पाहतो आणि बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे सेवा मागतात. हेडर फाइल हा त्याच्या मापांचा कागद: कोणत्या सेवेचा क्रमांक कोणता, कोणत्या रचनेत किती बाइट, कोणत्या क्रमाने. सी भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल होताना ही मापे वाचली जातात आणि तयार प्रोग्रॅममध्ये मुरतात. नंतर तो प्रोग्रॅम हेडर उघडूनही पाहत नाही. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत टर्बो सीवर शिकलेल्या पिढ्यांना याचा एक सौम्य नमुना ठाऊक आहे: डॉसवर निमूट चालणारा ‘कॉनिओ डॉट एच’ लिनक्सवर गेल्यावर सापडतच नाही. तिथे फरक कंपायलरच्या हेडरचा होता, कर्नलच्या नव्हे, पण धडा तोच.

लिनक्सचा पहिला कर्नल 1991 मध्ये आला. सुरुवातीच्या वर्षांत प्रोग्रॅमना लागणारे हेडर म्हणजे कर्नलच्या सोर्सकडे जोडलेला नुसता दुवा असे. कोणी नवा कर्नल उतरवला की हेडर आपोआप बदलत. प्रोग्रॅम जिच्यामार्फत कर्नलकडे सेवा मागतात ती सी लायब्ररी मात्र जुन्याच हेडरवर बांधलेली राही. दोघांच्या मापांत फरक पडला की आवळलेल्या मोराचा प्रकार घडे. 2000 साली लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने हा दुवा ठेवू नये, लायब्ररी ज्या हेडरवर बांधली तेच हेडर तिच्यासोबत ठेवावेत, असे बजावले. कर्नलच्या आतल्या खासगी गोष्टी गाळून फक्त बाहेरच्यांसाठीचे हेडर वेगळे काढण्याची सोय कर्नलमध्येच आली ती 2006 च्या 2.6.18 आवृत्तीत. 2012 च्या 3.7 आवृत्तीत प्रोग्रॅमर डेव्हिड हॉवेल्सच्या कामामुळे हे सार्वजनिक हेडर सोर्समध्ये स्वतंत्र फोल्डरात गेले. इतक्या उघड गोष्टीला एकवीस वर्षे लागावीत, हे थोडे नवलाचेच.

या वाटणीमागे एक स्पष्ट धोरण आहे. कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द पाळतो. जुन्या हेडरवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालला पाहिजे, यावर टोरवाल्ड्सचा कटाक्ष असतो. उलट दिशेने हमी नाही. फार नव्या लायब्ररीला जुना कर्नल मिळाला तर ती ‘कर्नल फारच जुना’ असा संदेश देऊन थांबते. 2011 मध्ये 2.6.39 नंतर थेट 3.0 आली तेव्हा केवळ क्रमांकाची धाटणी बदलल्याने काही प्रोग्रॅम गोंधळले. मग त्यांच्यापुढे 2.6 च्या धाटणीचाच क्रमांक सांगण्याची पळवाट कर्नलमध्ये ठेवावी लागली.

कर्नलच्या आत मात्र कसलाही शब्द दिलेला नाही. उपकरणांचे ड्रायव्हर म्हणजे मॉड्यूल कर्नलच्या आतच काम करतात, आणि आतली मापे कुठल्याही आवृत्तीत बदलू शकतात. आतला व्यवहार कायमचा गोठवणे अहितकारक आहे, अशी भूमिका कर्नलची देखभाल करणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लेखी मांडली आहे. म्हणून बाहेरून आणलेला ड्रायव्हर चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीच्या हेडरवरच बांधावा लागतो. कर्नल बदलला की पुन्हा. एका बाबतीत हे मॉड्यूल पुठ्ठ्याच्या कार्डापेक्षा शहाणे आहे. त्याच्यावर आवृत्तीचा शिक्का असतो, आणि शिक्का जुळला नाही तर कर्नल त्याला आत घेत नाही.

मागावर कार्डांची माळच नाहीशी करणारे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बोनास कंपनीने 1983 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात मांडले. भारतात 1999 मध्ये सुरू झालेल्या वस्त्रोद्योग तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेने नव्या मागांसाठी कर्जावर सवलत दिली. इलेक्ट्रॉनिक जेकार्डची नक्षी संगणकावर काढून फाइलच्या रूपाने नियंत्रकाला दिली जाते, पण त्या फाइलीलाही हुकांची संख्या, बांधणी आणि नियंत्रकाची मांडणी जुळावी लागते. जुन्या कार्डांतून नवी फाइल थेट मिळत नाही. ग्राफ हाताशी असेल तर तो स्कॅन करून नव्या मापांनी नक्षी पुन्हा बसवता येते.

सोलापुरातल्या ज्या कारखानदारांच्या माळ्यावर अजून ग्राफची भेंडोळी पडून असतील, त्यांनी ती कार्डांच्या आधी वाचवावीत. आणि प्रत्येक ग्राफच्या कोपऱ्यात हुकांची संख्या, इंचातले ताण्याचे आणि बाण्याचे धागे, दोऱ्यांची बांधणी आणि जेकार्डची जात पेन्सिलीने लिहून ठेवावी.