गाडीखालून पत्र्याचा खडखडाट येतोय? सायलेन्सरची हीट शील्ड अशी घट्ट करा

गाडी सिग्नलला उभी असते आणि खालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की तो थांबतो, पुन्हा सोडला की सुरू. जुन्या गाडीत असं झालं की आधी इंजिनावर संशय जातो. पण पुष्कळदा इंजिन ठणठणीत असतं, सैल झालेली असते ती सायलेन्सरच्या पाइपाजवळची हीट शील्ड.

हीट शील्ड म्हणजे काय?

हा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा पातळ पत्रा असतो. इंजिनातून निघणारा धूर खूप गरम असतो आणि तो ज्यातून जातो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालू गाडीत कित्येकशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. ही उष्णता गाडीचा तळ, पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये थोडी हवेची पोकळी ठेवून हा पत्रा बसवलेला असतो.

ती सैल का होते?

बोल्टाभोवतीचा पत्रा गंजतो, भोक मोठं होतं आणि बोल्ट जागेवर असूनही पत्रा सुटतो. पावसाचं पाणी, चिखल आणि किनारपट्टीची खारी हवा यांनी गंज लवकर धरतो. उंच स्पीड ब्रेकरला तळ घासला तरी पत्रा वाकतो.

काम सुरू करण्यापूर्वी

१. गाडी बंद करून काही तास थंड होऊ द्या. सायलेन्सर वरून थंड दिसला तरी हात भाजू शकतो.
२. सपाट, पक्क्या जागेवर गाडी लावा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकांना उटी लावा.
३. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक स्टँड हवेतच. विटा किंवा दगड चालणार नाहीत. स्टँड नसतील तर गॅरेजच्या रॅम्पवर काम करून घ्या.
४. जाड हातमोजे आणि चष्मा घाला. गंजलेल्या पत्र्याची धार ब्लेडसारखी कापते.

दुरुस्ती

आधी प्रत्येक शील्डवर हाताने टकटक करा. कुठला पत्रा वाजतो ते लगेच कळतं. कन्व्हर्टरच्या आतूनच खुळखुळ आली तर आतली जाळी तुटलेली असू शकते. तो वेगळा आजार आहे, मेकॅनिकला दाखवा.

बोल्ट नुसता ढिला असेल तर पान्याने आवळा. गंजलेला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. जोर लावलात तर बोल्ट तुटेल.

भोक मोठं झालं असेल तर बोल्टाखाली रुंद वायसर घाला, म्हणजे पत्रा पुन्हा धरला जाईल.

बोल्टाची जागाच गंजून गेली असेल आणि शील्ड पाइपाला गुंडाळलेली असेल, तर स्टेनलेस स्टीलची होज क्लिप शील्ड आणि पाइप दोन्हींभोवती फिरवून आवळा. घेर पुरत नसेल तर दोन क्लिपा एकमेकींत अडकवा. खडखड थांबेल इतपतच आवळा, पत्रा चेपून पाइपाला चिकटला तर मधली पोकळी जाते. ऑक्सिजन सेन्सरची वायर क्लिपमध्ये अडकू देऊ नका. प्लॅस्टिकचा टाय किंवा साधा डिंक इथे वितळतो किंवा जळतो.

गाडी खाली उतरवून मोकळ्या हवेत सुरू करा, आवाज गेला का ऐका. एक-दोन दिवस चालवल्यावर, गाडी पूर्ण थंड असताना, बोल्ट आणि क्लिप पुन्हा तपासा.

काढूनच टाकली तर?

‘काय होतंय, काढून टाका’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. आवाज थांबतो हे खरं, पण उष्णतेला अडवणारं काहीच उरत नाही. वरचं कार्पेट, वायरिंग तापतं. खालचा पत्रा गेला असेल आणि गाडी वाळक्या गवतावर उभी केली, तर आग लागू शकते. शील्ड पार कुजली असेल तर काढा, पण तिच्या जागी नवी बसवा.

आवाज खडखड नसून फटफट असेल, किंवा गाडीत धुराचा वास येत असेल, तर पाइप फुटला आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. काचा उघड्या ठेवून गाडी थेट गॅरेजला न्या.