अठराशे त्र्याऐंशीचा अर्ज

चँडलरमध्ये ऑक्टोबर आला की दोन गोष्टी हमखास होतात. उन्हाळा एकदाचा काढता पाय घेतो, आणि बारावीतल्या मुलांच्या घरी ‘एसे’चे वारे वाहू लागतात. फराळाच्या ताटाभोवती चकलीपेक्षा १ नोव्हेंबरच्या मुदतीचीच चर्चा जास्त होते.

आमच्या घरी हे वारे यंदा सांगलीहून आले. माझ्या भाच्याला इथल्या चांगल्या विद्यापीठांत अर्ज करायचे आहेत. त्याने निबंध पाठवला आणि फोनवर म्हणाला, “मामा, क्लासच्या सरांनी लिहून दिलाय. इंग्रजी तेवढं बघशील?” इंग्रजी झकास होते. भाचा मात्र त्यात कुठे सापडेना.

मी रागावणार होतो, पण जीभ चावली. २००२ साली एम.एस.चे अर्ज भरताना मीही एका सीनिअरच्या निबंधातली वाक्ये उचलली होती. मला म्हणे लहानपणापासून संगणकाची ओढ होती! आमच्या घरी संगणक आला तो मी इंजिनिअरिंगला गेल्यावर. तेव्हा उपदेश बाजूला ठेवला आणि त्याला एका जुन्या अर्जाची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यावर श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, २०१९ साली चित्रपटही आला. पण त्यांच्या ‘ॲडमिशन’ची गोष्ट आजच्या पालकांच्या नजरेने पाहिली तर वेगळीच दिसते.

सुरुवात झाली ती नकारापासून. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींनी पत्नीच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. आधी ख्रिस्ती व्हा, असा सल्ला मिळाला. हा पत्रव्यवहार वाइल्डरने आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी तो वाचला, तोही दंतवैद्याकडे नंबर येण्याची वाट पाहत असताना, असे सांगतात. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचे मावशी-भाचीचे नाते जुळले ते केवळ टपालातून.

धर्म न बदलता जाण्याचा आनंदीबाईंचा निश्चय होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्याचा आशय होता. पतीला न घेता त्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले होते, ते दुःख सोबत होते.

आता मजा पाहा. त्या अमेरिकेत पोचल्या तेव्हा त्यांना प्रवेश मिळालेलाच नव्हता! आपण आय-२० हातात आल्याशिवाय बॅगसुद्धा घेत नाही. तेव्हा विद्यार्थी व्हिसा नव्हता. पण चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, झाला होता. परक्यांसाठी वारा काही फार अनुकूल नव्हता.

२८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज केला. १८५० साली स्थापन झालेले हे कॉलेज म्हणजे स्त्रियांना एम.डी. देणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. ते पत्र जपून ठेवलेले आहे. त्यात बढाई नाही. उलट आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसत नसू, हे त्या सरळ कबूल करतात आणि आपली परिस्थिती वेगळी असल्याने समजून घ्यावे, अशी विनंती करतात. मग कारण सांगतात. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे. आप्त आणि जात यांचा विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय मला पुढेही नेईल. प्रकृती चांगली आहे, असेही त्यांनी लिहिले.

कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रकृतीने मात्र दगा दिला. क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे आपल्या दफनभूमीत ठेवल्या.

तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, आणखी एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला: भीमराव आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले, १९१५ मध्ये एम.ए. मिळवली आणि १९१६ मध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला. मिळालेला वेळ उसना आहे, हे ज्याला कळते तो असा अभ्यास करतो.

पैशाचा प्रश्न आजही तोच आहे. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणारी आणि गरजेइतकी पूर्ण मदत देणारी विद्यापीठे मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि आणखी काही. इतर बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की दार अधिक अरुंद होते. गावाकडून विचारणा आली तर हे आधी सांगा. कर्ज काढून झाल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

हे सगळे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण मामा, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीये रे.” मी विचारले, “पुराच्या वेळी तू काय करत होतास?” २०१९ च्या महापुरात त्यांचे दुकान बुडाले, उधारीच्या वह्यांचा लगदा झाला. अकरा वर्षांचा हा मुलगा आजोबांबरोबर गच्चीवर एकेक पान वाळवत बसला होता. जिथे शाई पुसली होती तिथे आजोबा आठवून नाव सांगत आणि हा नव्या वहीत लिही. काही गिऱ्हाइकांनी तर स्वतः येऊन आपली बाकी सांगितली.

चार दिवसांनी नवा निबंध आला. इंग्रजी आधीपेक्षा कच्चे आहे, दोन ठिकाणी काळ चुकला आहे. मी तेवढेच दुरुस्त केले, बाकी हात लावला नाही. प्रवेश मिळेल की नाही, ते मार्चअखेर कळेल. पण या वेळी अर्ज त्याचा आहे.