जिलेटिनचा उलटा प्रवास

वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्यांच्या आहारात साखरविरहित जेलीला जे स्थान मिळाले आहे, त्यामागचा हिशेब साधा आहे: अर्धा कप जेलीतून सुमारे १० कॅलरी मिळतात, खाल्ल्याचे समाधान होते, जिभेला गोडी लागते आणि दिवसभराच्या उष्मांकात फारशी भर पडत नाही. या पदार्थाचा इतिहास मात्र नेमक्या विरुद्ध अपेक्षेने घडला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील संशोधक आणि परोपकारी संस्था जिलेटिनकडे गरिबांचे स्वस्त मांसान्न म्हणून पाहत होत्या. ते माणसाला पोसू शकत नाही असे दिसून आल्यावर त्याची प्रतिष्ठा गेली. आणि पुढच्या शतकात अमेरिकेत हाच उणेपणा गुण म्हणून विकला गेला. जिलेटिनच्या घडणीत या काळात काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो अन्नाकडून समाजाची मागणी काय आहे यात, आणि म्हणूनच हा इतिहास एका खाद्यपदार्थापुरता न राहता पोषणविषयक विचारांचाही इतिहास ठरतो.

जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडांतील, कातड्यातील आणि स्नायुबंधांतील कोलॅजेन या प्रथिनापासून मिळते. कोलॅजेनचे तीन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात. पाण्यात दीर्घकाळ उकळल्यावर हा पीळ सुटतो आणि धागे पाण्यात विरघळतात. द्रावण थंड झाले की धागे ठिकठिकाणी पुन्हा गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकून बसते. पायाचे सूप रात्रभर ठेवल्यावर सकाळी थलथलीत झालेले आढळते, ते यामुळेच. सुमारे ७ ग्रॅम कोरडे जिलेटिन जवळजवळ अर्धा लिटर पाणी धरून ठेवते, आणि असा गोळा शरीराच्या तापमानाच्या थोडे खालीच वितळत असल्याने तोंडात घालताच विरघळतो. अननस आणि पपई यांच्या कच्च्या रसात प्रथिने तोडणारी विकरे असतात, त्यामुळे या फळांचे ताजे तुकडे घातल्यास जेली जमत नाही. फळ आधी शिजवले, तर विकर निष्क्रिय होते आणि अडचण दूर होते.

कारखानदारीपूर्वीच्या युरोपात जेली हे श्रीमंतांच्या मेजवानीचे लक्षण होते, कारण ती करण्यास वेळ, इंधन आणि नोकरचाकर लागत. वासराचे पाय कित्येक तास उकळायचे, वर आलेली चरबी काढायची, अंड्याच्या पांढऱ्या बलकाने गढूळपणा ओढून घ्यायचा आणि तो रस फलालीनच्या पिशवीतून थेंबथेंब गाळायचा, असा हा खटाटोप होता. अधिक स्वच्छ जेलीसाठी स्टर्जन माशाच्या पोटातील हवेची पिशवी वाळवून वापरली जाई. ही पिशवी प्रामुख्याने रशियातून येत असल्याने महाग पडे, आणि तिला पर्याय शोधण्याच्या प्रयत्नांत भारताचा किनाराही आला: जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये भारतीय किनाऱ्यावरील माशांपासून असा माल तयार करण्याविषयी स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. घोळ माशाची ‘बोत’ नावाने ओळखली जाणारी आणि कोळी समाजाला आजही मोठी किंमत मिळवून देणारी पिशवी याच वर्गातली आहे.

श्रीमंतांचा हा पदार्थ गरिबांपर्यंत नेण्याची कल्पना प्रथम यंत्राच्या रूपाने पुढे आली. फ्रान्समधून इंग्लंडला आलेल्या दनी पापँ याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले ‘डायजेस्टर’ हे यंत्र मांडले, ज्याला आजच्या प्रेशर कुकरचा पूर्वज म्हणता येईल. बंद भांड्यातील वाफेच्या दाबाने कठीण हाडेही मऊ होत आणि त्यांतील जिलेटिन बाहेर येई. १६८१ मध्ये पापँने या यंत्रावर पुस्तक लिहिले, आणि पुढच्या वर्षी सोसायटीच्या सदस्यांना याच यंत्रात शिजवलेले जेवण वाढण्यात आले, ज्याच्या नोंदीत जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने हाडांच्या जेलीची तारीफ केली आहे. फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांत मांसाइतकेच सत्त्व दडलेले आहे आणि ते काढता आले तर उपासमार मिटेल, हा विश्वास येथून पुढे दीड शतक टिकला.

या विश्वासाला सर्वांत मोठे प्रयोगक्षेत्र मिळाले ते क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये. रसायनशास्त्रज्ञ झाँ-प्येर-जोसेफ दार्से याने हाडांतील खनिज भाग हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून उरलेल्या मऊ भागापासून जिलेटिन काढण्याची पद्धत बसवली आणि नंतर वाफेच्या साहाय्याने ते मोठ्या प्रमाणात काढणारी उपकरणेही उभारली. १८३० च्या आसपास पॅरिसच्या रुग्णालयांत या उपकरणांतून निघालेल्या रश्श्याने मांसाच्या रश्श्याची जागा घेण्यास सुरुवात केली, आणि धर्मादाय संस्थांना तर मोजक्या पैशांत हजारोंना ‘मांसाहार’ देण्याचा मार्ग सापडल्यासारखे वाटले. ज्यांच्या ताटात तो रस्सा पडत होता, त्यांचा आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव मात्र वेगळा होता. रश्श्याला दुर्गंधी येते आणि तो पचत नाही, अशा तक्रारी लवकरच सुरू झाल्या.

येथेच या इतिहासाला निर्णायक वळण मिळते. आल्फ्रेड दोने या फ्रेंच वैद्याने १८३१ मध्ये काही दिवस जिलेटिन आणि थोडा पाव एवढ्यावरच राहून पाहिले. त्याचे वजन घटले आणि भूक व अशक्तपणा यांनी तो हैराण झाला. घटलेले वजन हा त्या काळी जिलेटिनविरुद्धचा पुरावा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रकरण विज्ञान अकादमीपुढे गेले, आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजाँदी याच्या नेतृत्वाखालील समितीने प्रदीर्घ प्रयोगांनंतर १८४१ मध्ये आपला अहवाल मांडला. केवळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नव्हती. ज्या हाडांतून ते काढले जाई, ती कच्ची हाडे खाणारी कुत्री मात्र तगून राहत होती. त्याबरोबरच समितीला असेही आढळले की अंड्यातील अल्ब्युमिन किंवा मांसातील फायब्रिन यांसारखे पौष्टिक मानले जाणारे घटकही एकेकटे दिल्यास प्राण्याला पोसत नाहीत. त्यामुळे या प्रयोगांतून जिलेटिन मिश्र आहारातही निरुपयोगी असते, असा निष्कर्ष निघत नव्हता. अहवालाचा हा सावध भाग जनमानसात पोहोचला नाही, आणि जिलेटिन फसवे अन्न ठरले.

जिलेटिन एकटे का पोसत नाही, याचे कारण उलगडण्यास आणखी साठ वर्षे लागली. प्रथिने अमिनो आम्ल नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात आणि त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. १८७० च्या दशकात म्युनिकच्या कार्ल फॉइट याने दाखवले की जिलेटिन दिल्यास शरीरातील प्रथिनांची झीज कमी होते, परंतु ते अन्य प्रथिनांची जागा घेऊ शकत नाही. १९०१ मध्ये केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे काढले, आणि हे अत्यावश्यक आम्ल जिलेटिनमध्ये जवळजवळ नसतेच, हे स्पष्ट झाले. पॅरिसच्या रुग्णांची तक्रार अशा रीतीने रसायनशास्त्राने ग्राह्य धरली.

दरम्यान अटलांटिकच्या पलीकडे जिलेटिन पोषणाचा दावा मागे ठेवून सोयीच्या मार्गाने घरांत शिरले. न्यूयॉर्कमध्ये सरसाचा मोठा कारखाना चालवणाऱ्या पीटर कूपर याने १८४५ मध्ये पाणी घालताच तयार होणाऱ्या जिलेटिन-पुडीचे पेटंट घेतले, पण ती बाजारात नेण्यात त्याला रस नव्हता. १८९० मध्ये जॉन्सटाउन या कातड्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी चार्ल्स नॉक्स याने दाणेदार जिलेटिनचा धंदा सुरू केला, जो त्याच्या मृत्यूनंतर पत्नी रोझ नॉक्स हिने वाढवला. १८९७ मध्ये लरॉय गावच्या पर्ल वेट याने जिलेटिनमध्ये साखर, रंग आणि फळांचा स्वाद मिसळला. त्याच्या पत्नीने त्याला ‘जेल-ओ’ हे नाव दिले, आणि दोनच वर्षांत त्याने ते ४५० डॉलरांना ऑरेटर वुडवर्ड या शेजारच्या उद्योजकाला विकले. जाहिराती, फुकट वाटलेल्या पाककृतींच्या पुस्तिका आणि घरोघरी आलेली बर्फाची कपाटे व नंतरचे फ्रिज यांमुळे पूर्वी दिवसभराच्या श्रमांनी होणारा पदार्थ काही मिनिटांच्या कामावर आला.

ही जेली हलकी मुळीच नव्हती. पुडीच्या वजनाचा सुमारे नऊ दशांश भाग साखरेचा असे, आणि अर्ध्या कपातून ८० कॅलरी मिळत. ती हलकी होण्यासाठी साखरेला पर्याय लागणार होता, आणि तो आधीच सापडलेला होता: १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील आयरा रेमसन याच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग याला डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करताना सॅकरिन गवसले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेत, आणि त्यावर बंदी आणू पाहणाऱ्या हार्वे वायली या सरकारी रसायनशास्त्रज्ञाला त्यांनी १९०८ मध्ये चांगलेच फटकारले होते. १९२३ मध्ये जेल-ओच्या उत्पादकांनी सॅकरिन घातलेली ‘डी-झर्टा’ ही साखरविरहित जेली बाजारात आणली. साखर वर्ज्य असलेल्यांची सोय म्हणून आलेला हा पदार्थ पुढे वजनाची काळजी करणाऱ्यांकडे वळला.

या वळणामागे मोजमापाची नवी सवय होती. कॅलरी, म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप, हे विल्बर ॲटवॉटर याने १८९० च्या दशकात अमेरिकन आहारशास्त्रात रुजवले. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर लेखिकेने कॅलरी मोजून वजन उतरवण्याचे पुस्तक लिहिले आणि ते तुफान खपले. १९४० च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने उंचीनुसार आदर्श वजनांचे तक्ते प्रसिद्ध केले. १९५० मध्ये अमेरिकेत मधुमेहींसाठी अन्नपदार्थांचे गट पाडणाऱ्या याद्या तयार झाल्या, तेव्हा बिनसाखरेचे जिलेटिन न मोजता खाण्याच्या पदार्थांमध्ये गणले गेले. अशा रीतीने, ज्यात मोजण्यासारखे काही नाही ते अन्न प्रतिष्ठित झाले. साखरेच्या जेलीची पुडी ८५ ग्रॅमची, तर तेवढीच जेली देणारी साखरविरहित पुडी ८.५ ग्रॅमच्या आसपास, ही तुलना या बदलाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते.

गोडीचा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. १९३७ मध्ये सापडलेले सायक्लामेट अमेरिकेत सर्रास वापरात आले आणि १९६९ मध्ये, उंदीर-वर्गातील प्राण्यांना कर्करोग होतो या संशयावरून, त्यावर बंदी जाहीर झाली. १९७७ मध्ये सॅकरिनवरही बंदीचा प्रस्ताव आला. ग्राहकांच्या विरोधामुळे तो मागे पडला, परंतु इशारा देणारी चिठ्ठी डब्यांवर आली आणि २००० पर्यंत राहिली. १९८१ मध्ये कोरड्या पदार्थांसाठी मान्यता मिळालेल्या अस्पार्टेममुळे साखरविरहित जेलीला सॅकरिनच्या कडवट चवीपासून मुक्ती मिळाली, आणि त्या दशकात ती घराघरांत पोहोचली.

याच काळात पॅरिसचा धडा विसरल्याचे एक विदारक उदाहरण घडले. १९७६ मध्ये रॉबर्ट लिन या अमेरिकन डॉक्टरने अन्न पूर्ण बंद करून केवळ द्रवरूप प्रथिनावर राहण्याचा आहार लोकप्रिय केला. बाजारात आलेली अशी बहुतेक पेये कातडी आणि स्नायुबंध यांच्यातील कोलॅजेन तोडून केलेली, म्हणजे जिलेटिनचीच भावंडे होती. दोन वर्षांत अशा आहारावर असलेल्या पन्नासहून अधिक व्यक्तींचे मृत्यू नोंदले गेले, त्यांपैकी अनेकांच्या हृदयाचे ठोके प्राणघातकरीत्या बिघडले होते. काही पेयांत ट्रिप्टोफॅन मिसळूनही धोका टळला नाही, कारण क्षारांसह इतर पोषकांचा तुटवडा आणि अत्यंत कमी ऊर्जा यांचाही त्यात वाटा असू शकत होता.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, जिलेटिनला प्राणिजन्यतेचा अडथळा आला आणि त्याची जागा बऱ्याच घरांत ‘चायना ग्रास’ने, म्हणजे समुद्रशैवालापासून केलेल्या अगरने घेतली. अगर हे जपानी मूळ असलेले द्रव्य १८८१ मध्ये फॅनी हेसे हिच्या सूचनेवरून जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी पोहोचले, कारण तेथे वापरले जाणारे जिलेटिन उबदार तापमानात वितळत असे आणि अगर तसे वितळत नसे. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली अगरची जेली मोडत नाही, त्याचेही कारण हेच. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील शैवालापासून अगर भारतातही तयार होते. दोन्ही पदार्थ हलके असले तरी त्यांच्या हलकेपणाची कारणे वेगळी आहेत: जिलेटिन पूर्ण पचते आणि दर ग्रॅममागे साडेतीन कॅलरींच्या आसपास ऊर्जा देते, पण जेलीत ते अवघे दीड टक्का असते, अगर हे कर्बोदक माणसाच्या पाचक रसांना जवळजवळ पचतच नाही.

या सर्व इतिहासातून माजाँदीच्या समितीचा तो दुर्लक्षित सावध निष्कर्षच अधिक खरा ठरतो. जिलेटिन हे पूर्ण अन्न आहे असे मानणारा परोपकारी आणि जिलेटिनने वजन घटते असे सांगणारा जाहिरातदार, या दोघांनीही एकच चूक केली: पदार्थाचा गुण त्यांनी त्या पदार्थातच शोधला. अर्धा कप साखरविरहित जेली जेवणानंतरच्या मिठाईच्या जागी आली, तर तेवढ्या कॅलरी कमी होतात; ती मिठाईशेजारी आली, तर काहीच कमी होत नाही; आणि डाळ, भाजी व भाकरीच्या जागी आली, तर १८३१ मध्ये दोनेने भोगलेली भूक आणि अशक्तपणा परत येतो. तिची किंमत ताटात तिच्या शेजारी काय आहे आणि तिने कोणाची जागा घेतली आहे, यावरूनच ठरते.